सोरायसिस, इंजेक्शन आणि जिभेवरचा पांढरा थर

सकाळी चादर झटकली की फरशीवर कोंडा पडायचा. कोपरं, गुडघे, पुढे पाठसुद्धा. खपली निघाली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. 'रक्त खराब आहे', 'मासे सोड', सगळं ऐकून झालं. तीन वर्षं आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेतलं, मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडले.

तेव्हा त्वचारोगाच्या मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. त्वचेची पेशी तळाच्या थरात तयार होऊन वर येते आणि गळून पडते, याला साधारण महिना लागतो. माझ्याकडे हेच काम चार-पाच दिवसांत उरकत होतं. कारण आयएल-२३ नावाचा रेणू रोगप्रतिकाराच्या टी-पेशींना चेतवतो, त्या आयएल-१७ हा दुसरा रेणू सोडतात आणि त्वचेला 'वाढा, लढा' असा निरोप सतत मिळत राहतो. "एवढ्या भेगा पडल्या, पण कधी पू झाला का?" त्यांनी विचारलं. खरंच झाला नव्हता. त्याच निरोपामुळे त्वचा जंतुनाशक प्रथिनंही भरपूर बनवते. इतकी वर्षं मी माझ्या कातडीला दुबळी समजत होते!

सेक्युकिनुमॅब हे औषध नेमकं आयएल-१७ए अडवतं. खर्चाचा हिशोब घरात दोन रात्री चालला. मग तपासण्या: हिपॅटायटिस, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि मांटू, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करायची चाचणी. तिसऱ्या दिवशी हातावर १४ मिमीचा कडक फुगवटा. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे टीबी झोपलेला: जंतू अंगात, पण आजार नाही. सहा महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध आणि सोबत बी-६ जीवनसत्त्व. पहिला महिना संपल्यावरच इंजेक्शनची परवानगी मिळाली. तो महिना फार जड गेला.

पहिल्या दिवशी आणि नंतरचे चार आठवडे दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम, मग महिन्याला एकदा. तिसऱ्या डोसनंतर चादर झटकली, तर फरशी कोरी. मी पुन्हा झटकून पाहिली.

चौथ्या महिन्यात तिखट झोंबायला लागलं, जिभेवर दह्यासारखा थर आला. तोंडातली बुरशी आटोक्यात ठेवायलाही आयएल-१७ लागतं, हे तेव्हा कळलं. क्लोट्रिमॅझोलचा माऊथ पेंट दोन आठवडे लावला, इंजेक्शन थांबवावं लागलं नाही. कोपरांवर आता फक्त काळसर डाग उरलेत. दर डोसच्या आदल्या रात्री मी आरशासमोर टॉर्च धरून जीभ बघते.