अंगठ्याजवळचा ॲड्रेस बार

मी ॲप आणि वेबसाइटचे इंटरफेस डिझाइन करते. दर वर्षी जूनमध्ये ॲपलचा नवा बीटा, म्हणजे पक्की होण्याआधी वापरून बघायला दिलेली आवृत्ती, आला की हाताशी ठेवलेल्या एका जुन्या फोनवर तो टाकते आणि महिनाभर वापरते. हे माहीत असलेली माणसं मला दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, सफारी या ॲपलच्या ब्राउझरमधल्या पत्ता लिहायच्या पट्टीबद्दल: "सफारीचा ॲड्रेस बार खाली नेला ते बरं झालं की वाईट?" आणि दुसरा, जरा वैतागून, "बीटा म्हणजे कच्चं काम. त्यावर एवढी मतं कशाला मांडायची?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर २०२१ च्या एकाच पावसाळ्यात आहे.

त्या वर्षी ७ जूनला ॲपलने आयफोनसाठी आयओएस १५ आणि मॅक संगणकांसाठी मॅकओएस मॉन्टेरे या नव्या सिस्टिम दाखवल्या. त्यात सफारीचं रूप पार बदललं होतं. आयफोनवर पत्त्याची पट्टी वरून खाली आली आणि पानावर तरंगणारी एक गोळीसारखी पट्टी झाली. पान सरकवलं की ती आणखी आक्रसायची. शेअर, रीलोड, बुकमार्क ही रोजची बटणं तीन ठिपक्यांच्या मेन्यूत गेली. मॅकवर तर पत्ता आणि टॅब यांची एकच ओळ केली: जो टॅब उघडा तोच ॲड्रेस बार. टॅब बदलला की उघडा टॅब रुंद व्हायचा आणि बाकीचे बाजूला सरकायचे.

यात दोन वेगळ्या कल्पना होत्या. पट्टी खाली आणणं ही एक आणि बटणं लपवणं ही दुसरी. पहिली मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. दुसरी तेव्हाही चूक वाटली, आजही वाटते. त्या दोघी एकाच अंगरख्यात आल्यामुळे लोकांनी दोघींनाही धोपटलं, आणि चांगली कल्पना थोडक्यात वाचली.

खालच्या पट्टीची बाजू अंगठा मांडतो. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंचांचा होता. कुठल्याही कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचायचा. २०२१ पर्यंत मोठा आयफोन ६.७ इंचांवर गेला होता. दादरहून सुटलेल्या संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली असते, दुसऱ्या हातात फोन. तेव्हा वरच्या टोकाला असलेल्या पट्टीवर टिचकी मारायची तर फोन तळहातात वर सरकवावा लागतो, आणि फोन पडतो तो नेमका त्याच क्षणी. बोट पोचत नाही हे ॲपललाही ठाऊक होतं. २०१४ मध्ये आयफोन ६ आला तेव्हा होम बटणावर दोनदा हलकेच टेकवलं की अख्खी स्क्रीन खाली सरकवायची सोय दिली होती. म्हणजे सात वर्षं माणसाऐवजी स्क्रीन वाकत होती. शिवाय कल्पना नवी नव्हती. विंडोज फोनच्या इंटरनेट एक्स्प्लोररने २०११ मध्येच पत्ता खाली नेला होता, आणि अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सने २०२० मध्ये. सफारीने ती उचलली याचा मला आनंद झाला.

पण बटणं लपवणं? त्याबद्दल माझं मत एका बाईंमुळे पक्कं झालं. काही वर्षांपूर्वी एका ॲपवर काम करताना आम्ही स्टेटमेंट काढायचं बटण तीन ठिपक्यांमागे नेलं. स्क्रीन मोकळी झाली, मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडली. चाचणीसाठी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी सात-आठ मिनिटं शांतपणे स्क्रीन वर-खाली केली, प्रत्येक चित्रावर बोट ठेवून पाहिलं, ठिपके मात्र वगळले, कारण त्यांच्या लेखी ती नक्षी होती. शेवटी म्हणाल्या, "ताई, तुमच्यात ही सोय नाहीये." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जे दिसत नाही ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने नसतंच. ते वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक कामात सोबत घेऊन बसते.

म्हणून रीलोडचं बटण मेन्यूत गेलेलं पाहून मला राग आला. पान खाली ओढून ताजं करायची नवी खूण त्यांनी त्याच वेळी दिली होती, आणि ती चांगलीच आहे. पण खूण ठाऊक असणाऱ्यालाच कळते; बटण पाहणाऱ्याला स्वतःहून सांगतं की मी इथे आहे. तरंगत्या पट्टीची आणखी एक अडचण आम्हा वेबवाल्यांना लगेच दिसली. कितीतरी साइटवर 'पुढे जा', 'पैसे भरा' ही बटणं पानाच्या तळाशी चिकटवलेली असतात. त्यांच्यावरच येऊन पट्टी बसली की बोट कुठल्या बटणावर पडणार?

मॅकवरच्या एका ओळीबद्दल थोडक्यात: टॅबची जागा डोळ्याला नाही तर हाताला पाठ झालेली असते. तिसरा टॅब मेलचा, पाचवा रेल्वेचा. निवडलेला टॅब फुगून शेजाऱ्यांना ढकलू लागला की ती पाठ मोडते. आणि मराठी वाचणाऱ्यांना अरुंद टॅब जरा जास्तच जाचतो. वेलांटी, रफार, उकार यांना वर-खाली जागा लागते, अक्षर बारीक करून भागत नाही.

एक मुद्दा मात्र मला वाटतो तितका चर्चेत आला नाही, तो रंगाचा. नव्या सफारीत साइटचा रंग वरच्या पट्टीतही पसरायचा. साइटने आपला रंग कोडमध्ये सांगितला की ब्राउझर तोच अंगावर घ्यायचा. दिसायला सुंदर होतं, मी नाकारत नाही. पण पत्ता ही ब्राउझरची साक्ष असते. "तू खरंच तुझ्या बँकेच्या पानावर आहेस" हे साइट सांगत नाही, ब्राउझर सांगतो. साक्षीदारानेच एका पक्षाचे कपडे घातले तर पान कुठे संपलं आणि ब्राउझर कुठे सुरू झाला, हे साध्या माणसाने कसं ओळखायचं? मॅकवर हा रंग बंद करायची सोय होती. मी तो बंदच ठेवला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला बंद ठेवायला सांगितलं.

आता दुसरा प्रश्न. जूनमधल्या त्या घोषणेनंतर काय झालं ते बघा. जुलैमध्येच मॅकवर पत्ता आणि टॅब पुन्हा वेगवेगळ्या ओळींत आले, आणि एका ओळीची मांडणी आवडणाऱ्यांसाठी पर्याय म्हणून उरली. आयफोनच्या चौथ्या बीटात शेअर आणि रीलोड पुन्हा डोळ्यांसमोर आले. ऑगस्टमधल्या सहाव्या बीटात पट्टीचं तरंगणं थांबलं, तिच्याखाली बटणांची नेहमीची ओळ आली आणि ज्यांना पत्ता वर हवा त्यांना सेटिंगमध्ये तशी सोय मिळाली. २० सप्टेंबरला आयओएस १५ सगळ्यांसाठी आलं तेव्हा जूनमधली सफारी त्यात शोधूनच काढावी लागली असती. हे सगळं साडेतीन महिन्यांत झालं, आणि झालं ते लोक बोलले म्हणून.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये सफारी ४ चा बीटा आला होता. त्यात टॅब थेट खिडकीच्या माथ्यावर, शीर्षकाच्या जागी बसवले होते. टॅब सरकवायला त्याच्या कोपऱ्यातला इवलासा तुकडा पकडायचा. लोकांनी तक्रारी केल्या आणि जूनमध्ये पक्की आवृत्ती आली तेव्हा टॅब मुकाट्याने खाली, आपल्या जुन्या जागी परतले होते.

"थांबा, पक्कं होऊ दे, मग बोला," असं म्हणणाऱ्यांचं म्हणून मी ऐकत नाही. पक्कं झाल्यावर ते कोट्यवधी फोनांवर जातं, लोकांच्या हाताला सवय लागते, मदतपुस्तिका छापल्या जातात. तेव्हा बदल करणं त्यांनाही महाग आणि आपल्यालाही त्रासाचं. भिंतीला गिलावा व्हायच्या आधीच मिस्त्रीला सांगायचं असतं की खिडकी चुकली आहे.

बोलायचं कसं, हेही पुष्कळ जण विचारतात. बीटा टाकला की फोनवर जांभळ्या चित्राचं फीडबॅकचं ॲप येतं. त्यात मी "नवं डिझाइन आवडलं नाही" असं कधी लिहीत नाही, त्याचा कुणालाच उपयोग नसतो. मी काय करत होते ते लिहिते, बोट कुठे गेलं ते लिहिते, काय होईल असं वाटलं आणि काय झालं तेही. सोबत स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडते. जे आवडलं त्याचीही वेगळी नोंद करते, कारण तक्रारींच्या पुरात चांगली गोष्ट वाहून जाऊ नये. २०२१ मध्ये खालच्या पट्टीसाठी मी तशी नोंद केली होती: एक हात कडीला, दुसऱ्यात फोन, अंगठा पत्त्यापर्यंत सहज पोचला. माझ्या फोनवर पट्टी आजही खालीच आहे. आईच्या फोनवर ती वर आहे, कारण ती टेबलाशी बसून दोन्ही हातांनी फोन वापरते आणि तिला पत्ता वरच शोधायची सवय आहे.