क्षयाच्या गोळ्या मध्येच का संपतात?

परदेशी मदत मिळाली म्हणजे क्षयरोग कार्यक्रमाचा औषधांचा प्रश्न मिटला, असं धरून चालणं रुग्णांना महागात पडतं. पैसा एकाकडून येतो, यंत्रं दुसऱ्याकडून, औषधं तिसऱ्यामार्फत, आणि तिघांचे हिशेब वेगवेगळ्या तक्त्यांत राहतात. गोळ्या संपतात त्या बऱ्याचदा या फटीत.

आकडे मांडून बघू. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयावरचा प्रौढांचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने फोर-एफडीसी: एका गोळीत रिफाम्पिसिन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पुढचे चार महिने टू-एफडीसी, म्हणजे यातली पहिली दोनच औषधं. ४५-५० किलो वजनाच्या माणसाला रोज तीन गोळ्या. हिशेबाला महिना २८ दिवसांचा धरतात. म्हणजे एका रुग्णाला आधी १६८ आणि नंतर ३३६, एकूण ५०४ गोळ्या.

समजा दरमहा १,००० नवे रुग्ण उपचारावर येतात, आणि सोयीसाठी सगळे याच वजनगटातले. फोर-एफडीसीचा महिन्याचा खप १,६८,०००. गोदामात तीन महिन्यांचा साठा, ५,०४,००० गोळ्या. कागदावर सगळं ठीक. आता एखादा देणगीदार थुंकीतून क्षयाचं झटपट निदान करणारी जीनएक्स्पर्टसारखी यंत्रं बसवून देतो. आजवर निदानातून सुटणारे रुग्ण सापडू लागतात आणि आकडा १,५०० वर जातो. व्हायला हवं ते हेच. पण पहिल्या महिन्यात २,१०,००० गोळ्या जातात, दुसऱ्यात २,५२,०००. उरल्या ४२,०००, आणि रोज लागतात ९,०००. तिसऱ्या महिन्याच्या पाचव्या दिवशी गोदाम रिकामं.

टू-एफडीसीचं दुखणं जास्त फसवं. नवे रुग्ण अजून पहिल्या टप्प्यातच असतात, म्हणून दोन महिने तिचा खप जागचा हलत नाही. तिसऱ्या महिन्यापासून तो चढू लागतो आणि सहाव्यात ३,३६,००० वरून ५,०४,००० वर पोचतो. नुसतं साठा रजिस्टर बघणाऱ्याला ही वाढ वेळेत दिसतच नाही.

मागणी काढताना मागच्या वर्षीचा खप धरणं ही सगळ्यात मोठी चूक. मागच्या वर्षी तुटवडा पडला असेल तर खप कमी दिसतो, त्यावरून मागणी कमी जाते, आणि तुटवडा पुन्हा येतो. हिशेब रुग्णांवरून करायचा: उपचारावर असलेल्यांच्या उरलेल्या गोळ्या, माल येईपर्यंत येणारे नवे रुग्ण, मागणीच्या काळातले रुग्ण आणि बफर साठा. यातून हातातला आणि वाटेतला माल वजा करायचा. मुदत संपण्याआधी वापरला जाणार नाही तो माल ‘हातात’ धरायचा नाही. क्वानटीबी हे संगणकावरचं मोफत साधन हाच हिशेब करतं.

२००१ मध्ये सुरू झालेली ग्लोबल ड्रग फॅसिलिटी अनेक देशांची मागणी एकत्र करून गुणवत्ता तपासलेली औषधं मिळवून देते. एकत्र खरेदीचं बळ मोठं असतं. २०२३ मध्ये बेडाक्विलिनच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या औषधाच्या, सहा महिन्यांच्या कोर्सची तिच्याकडची किंमत निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर आली. मात्र मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंत सहा महिने धरूनच चालावं. आयात परवाना, नोंदणीतली सूट, करमाफीचं पत्र ही कागदपत्रं जहाज निघण्याआधी तयार हवीत. नाहीतर कंटेनर बंदरात उन्हात पडून राहतो आणि विलंबशुल्क चढत जातं. त्या शुल्काची तरतूद अनुदानात सहसा नसते.

म्हणून यंत्रांच्या करारावर सही होईल त्याच दिवशी वाढीव औषधांचा तक्ता त्याला जोडलेला असावा, असा आग्रह आरोग्य खात्याने धरलाच पाहिजे. यंत्रं दिली, औषधांचं आमच्याकडे नाही, हे उत्तर मान्य करू नये. नमुन्यांच्या वाहतुकीचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली तेव्हा थुंकीचे नमुने प्रयोगशाळेत नेणाऱ्यांचे पैसे कित्येक ठिकाणी अडकले. असे खर्च लहान असतात, ते आधी देशाच्या अंदाजपत्रकात घ्यावेत.

आरोग्य केंद्रात सोपा उपाय म्हणजे रुग्णपेटी. उपचार सुरू होतानाच त्या रुग्णाच्या नावाने ५०४ गोळ्या बाजूला काढायच्या. त्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. वजन वाढून गट बदलला तर पेटीत भर घालायची. तरीही तुटवडा आलाच, तर गोळ्यांची संख्या कमी करून सगळ्यांना थोडं थोडं वाटू नये. कमी मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. शेजारच्या जिल्ह्यातून साठा हलवावा, आणि वरच्या पातळीवर ग्लोबल ड्रग फॅसिलिटीच्या राखीव साठ्यातून तातडीची मागणी करावी. ती गोदाम रिकामं झाल्यावर नव्हे, साठा तीन महिन्यांच्या खाली घसरताच.