मनगटावरचा स्वस्त डाइव्ह कॉम्प्युटर घेताना

किंमत कमी करायची तर रंगीत स्क्रीन सोडा, ब्लूटूथ सोडा, अल्गोरिदमवर, म्हणजे खोली आणि वेळेवरून शरीरात साठलेला नायट्रोजन मोजणाऱ्या गणितावर, मात्र तडजोड नको. ब्युलमन झेडएचएल-१६सी हे गणित वापरणारं आणि ग्रेडियंट फॅक्टर (किती सावध राहायचं ते ठरवणारे दोन टक्के) स्वतः बदलता येणारं मॉडेल शोधा. उदाहरणार्थ ४०/८५ मधला पहिला आकडा वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचा पहिला थांबा किती खोलीवर येणार ते ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर येताना शरीरात किती नायट्रोजन चालेल ते. नुसते 'सौम्य, मध्यम, कडक' असे तीन पर्याय असतील, तर सोबतच्या डायव्हरच्या कॉम्प्युटरशी मेळ घालणं अवघड जातं.

नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय हवीच. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा लावली की कमाल खोली ३३ मीटरच्या जरा पुढे येते. हा आकडा कॉम्प्युटरने आपणहून दाखवायला हवा. सेटिंग ३२ वर राहिलं आणि सिलिंडरमध्ये साधी हवा असली, तर नायट्रोजन कमी मोजला जातो आणि विनाथांबा वेळ (थांबा न घेता थेट वर येता येईल असा खोलीवरचा वेळ) खोटा जास्त दिसतो. ही चूक घातक. दर डाइव्हआधी सिलिंडरमधला ऑक्सिजन ॲनलाइझ करा, मगच आकडा भरा.

वर येतानाचा हा (डीकोचा) थांबा चुकला की काही मॉडेल्स ४८ तास लॉक होतात. मॅन्युअलमध्ये हे आधी वाचा.

बॅटरी घरी बदलता येणारी बरी. बदलताना ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) बोटाच्या टोकाने नीट तपासा, नख लावू नका: वाळूचा एक कण किंवा केसही पाणी आत घ्यायला पुरेसा आहे. सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ, नुसती चमक येईल इतकंच.

बटणं जाड हातमोज्यांतून दाबून पाहा.