लांबनं आलीत माणसं, नको कसं म्हणायचं

माझं कोल्हापूर जिल्ह्यात, जयसिंगपुरात मेडिकल आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरातली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. पूरग्रस्तांना वस्तू द्यायच्या का पैसे, यावर दर पावसाळ्यात वाद होतात, पण मदतीचा टेम्पो खाली करून आतलं एकेक खोकं उघडून बघितलेली माणसं त्या वादात फार कमी असतात असं माझं मत झालंय.

शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा आणि पंचगंगा जिथं एकत्र येतात तो भाग, पाणी आम्हाला नवीन नाही. पण सगळ्यांनी २००५ ची खूण धरली होती, तेव्हा पाणी अमुक पायरीपर्यंत आलेलं म्हणजे आताही तिथंच थांबेल, आणि पाणी त्या खुणेच्या वर गेलं. त्यामुळं माणसं निघाली ती अंगावरच्या कपड्यानिशी, जनावरं सोडून, कागदपत्रं असली तर पिशवीत. गोळ्या मात्र कुणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत, त्या फडताळात नाहीतर टीव्हीच्या मागं राहिल्या. जयसिंगपूर त्यातल्या त्यात उंचावर, म्हणून शाळा, मंगल कार्यालयं सगळी छावण्या झालेली.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे मी पैशाच्या बाजूचा म्हणून एकांगी लिहितोय असं वाटायला नको. सुरुवातीच्या दिवसांत पैशाचा काही उपयोग नव्हता. एटीएम बंद, लाईट नाही, किराणा दुकानदार स्वतःच छावणीत. त्या दिवसांत माणसं जगली ती आजूबाजूच्या कोरड्या गावांतनं आलेल्या भाकऱ्यांवर. घराघरातनं गोळा केलेल्या भाकऱ्या, खर्डा, झुणका, कापडात बांधून, ट्रॅक्टरनं. कुणी यादी मागितली नाही, कुणी फोटो काढले नाहीत. ती वस्तूचीच मदत होती आणि तिच्याइतकी नेमकी मदत मी नंतर बघितली नाही. पण ती देणारे पंधरा किलोमीटरच्या आतले होते, त्यांना इथलं माणूस काय खातं हे माहीत होतं, आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत संपत होती. लांबून येणारी मदत वेगळी असते, ती पाच-सहा दिवसांनी येते, आणि तोपर्यंत गरज बदललेली असते.

छावणीत माझ्यासारख्याचं काम काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. जखमा, ताप, जुलाब हे असतंच, त्याला सरकारी डॉक्टर आणि त्यांचा स्टाफ होता आणि त्यांनी खरंच मरमर काम केलं. खरी अडचण रोजच्या गोळ्यावाल्यांची. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स. डॉक्टर विचारणार कुठली गोळी, तर उत्तर येतं ‘बारीक, पांढरी, सकाळी एक’. बारीक पांढऱ्या गोळ्या शंभर आहेत. इथं माझ्या दुकानातला कॉम्प्युटर कामाला आला. मी पहिल्यापासून बिलावर पेशंटचं नाव आणि गाव घालतो, पुष्कळ मेडिकलवाले घालत नाहीत, नुसतं ‘कॅश’ लिहून सोडतात. इन्व्हर्टरवर जेवढा वेळ कॉम्प्युटर चालेल तेवढ्यात नाव शोधायचं, मागचं बिल काढायचं, कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून डॉक्टरांकडं पाठवायचं. त्या कामाचा मला अभिमान आहे.

हायवे उघडल्या उघडल्या टेम्पो यायला लागले. त्यातला एक संध्याकाळी एका मोठ्या शहरातल्या सोसायटीतनं आला, सोबत तीन तरुण पोरं आणि एक रिटायर शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत होते. रात्रभर प्रवास, हायवेवर तासन्‌तास अडकलेले, अंगात ताप असल्यासारखे डोळे. टेम्पोत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, जुने कपडे, आणि औषधांची बरीच खोकी. कपडे आणि बिस्किटं ज्या त्या माणसांनी उतरवून घेतली, औषधं माझ्याकडं आली, शाळेच्या एका वर्गात बाकं जोडून मी आणि दोन पोरं बसलो.

औषध निवडणं म्हणजे धान्य निवडणं नव्हे. आधी एक्स्पायरी बघायची. ती स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते, बॅच नंबरसोबत. आम्ही मेडिकलवाले चार गोळ्या सुट्या देताना उलट्या टोकाकडनं कापतो, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते. घरात उरलेल्या स्ट्रिपा मात्र कशाही फाडलेल्या, अर्ध्या खोक्यात तारीखच नाही, आणि तारीख नसलेली गोळी मी देऊ शकत नाही, चांगली असली तरी. मग सिरपच्या फोडलेल्या बाटल्या, त्या सरळ बाजूला. लहान मुलांचे अँटिबायोटिकचे ड्राय सिरप निघाले, सीलबंद, तारीख चांगली, बघून बरं वाटलं, पण त्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालावं लागतं आणि एकदा कालवलं की आठवडाभरात संपवायचं, थंड जागी ठेवून. छावणीत प्यायलाच पाणी मोजून, कुठलं उकळणार आणि कुठं गार ठेवणार. मग ब्रँड. एकच औषध वीस कंपन्यांच्या वीस नावांनी, त्यात दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या. शुगरची अशी एक जोडगोळी असते, ती पोट भरलेल्या माणसाला ठीक, पण जो दोन बिस्किटांवर आहे त्याची शुगर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडेल. म्हणजे प्रत्येक स्ट्रिप उलटी करून खालचं बारीक अक्षर मोबाईलच्या उजेडात वाचायचं. पहाटेपर्यंत वाचत होतो.

आणि हवं होतं काय? गुडघाभर चिखलात चालून सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, त्याचं साधं बुरशीचं मलम. ओआरएस. पाण्यात टाकायचं क्लोरीन. लेप्टो म्हणजे पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप, त्यासाठी डॉक्सीसायक्लिन. बीपी-शुगरच्या तीन-चार साध्या गोळ्या, एकाच ब्रँडच्या, भरपूर. एवढंच. त्या सगळ्या खोक्यांत चिखल्यांचं मलम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं निघालं, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या पोतंभर.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या खोक्यांत इन्सुलिनच्या सिरिंजचा एक डबा होता, नवा कोरा, सीलबंद, पैसे देऊन आणलेला. आमच्याकडं छावणीत इन्सुलिनवाले होते, माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या जपून ठेवलेल्या, पण सिरिंज संपलेल्या आणि माझ्या सांगलीच्या होलसेलरचं दुकान पाण्यात. खोकं माझ्याकडं यायच्या आधीच त्या पोरांपैकी एकानं डबा बघितला, छावणीत कुणाला इन्सुलिन लागतं का विचारलं, आणि अर्जुनवाडच्या एका मावशींना पाच-सहा सिरिंज देऊन टाकल्या. मनापासून दिल्या, त्या पोराला मी नावं ठेवत नाही.

आपल्याकडं इन्सुलिनची साधी बाटली असते ती एका मिलीत ४० युनिटची. तिची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. दुसरी सिरिंज असते १०० युनिटवाली, केशरी टोपीची, ती वेगळ्या इन्सुलिनसाठी. आलेला डबा केशरी टोपीचा होता. मावशींचा डोस २० युनिट. त्यांनी ४० युनिटच्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात गेले असते फक्त ८. आधीच दोन दिवस इंजेक्शन नाही, शुगर पावणेचारशेच्या घरात.

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. पण त्यांना टोपीचा रंग माहीत होता. आणि तरीही त्यांनी त्या सिरिंज हात जोडून घेतल्या, काही बोलल्या नाहीत. पोरगा गेल्यावर नातीला माझ्याकडं पाठवलं, ती सहावी-सातवीतली असेल, पदराखाली लपवून आणावं तसं फ्रॉकच्या खिशातनं सिरिंज काढून म्हणाली, ‘काका, आजी म्हणत्या आमची सुई लाल टोपीची असती. ही चालंल का इचारून ये, पर त्यास्नी कळू देऊ नको.’

मी तसाच उठून गेलो. म्हटलं, मावशी, तुम्हाला कळलं होतं तर घेतल्या कशाला, तिथंच सांगायचं. त्या म्हणाल्या, ‘आवो, लांबनं आलीत माणसं, झोप न्हाई डोळ्याला, नको कसं म्हणायचं?’

डॉक्टरांना उठवलं. हिशोब करून केशरी सिरिंजमधनंही देता येतं, २० युनिट म्हणजे ५० ची रेघ, आणि त्यांनी त्या वेळचं इंजेक्शन तसं स्वतः दिलं. पण ते पेशंटच्या हातात द्यायला ना ते तयार होते ना मी, कारण ‘आता पन्नास घ्यायचं’ हे डोक्यात बसलं आणि नंतर लाल टोपीची सिरिंज हातात आली की माणूस ती पूर्ण भरून घेतो, म्हणजे दुप्पट डोस. सकाळी इचलकरंजीतल्या एका मेडिकलवाल्या मित्राला फोन लावला, त्याच्याकडं लाल टोपीचा माल होता, तो त्याच्या पोरानं यड्राववरनं मोटरसायकलनं आणून दिला. पैसे दिले ते पुण्यातल्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आदल्या दिवशी मोबाईलवर पाठवलेल्यातले. छावणीतल्या सगळ्या इन्सुलिनवाल्यांच्या सिरिंज आल्या आणि वर चिखल्यांच्या मलमाची खोकी आली. त्या टेम्पोच्या डिझेलच्या पैशात अख्ख्या छावणीचं मलम झालं असतं, हे मी सरांना बोललो नाही.

सरांशी बोलणं झालं ते सकाळी चहाला. एव्हाना बाद औषधांच्या ढिगाकडं त्यांची नजर गेली होती. मी सरळ सांगितलं की सर, पुढच्या वेळी आधी फोन करा, नाहीतर पैसे पाठवा. ते रागावले नाहीत, पण दुखावले. म्हणाले, ‘पैसे दिले की कुठं जातात कळत नाही हो. वस्तू निदान माणसाच्या हातात पडते, आम्ही डोळ्यानं बघतो.’

याला उत्तर काय देणार? त्याच दिवसांत मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर लावलेले सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितले. गाव पाण्यात किती दिवस होतं यावर धान्याची मदत ठरवणारा सरकारी कागद निघाला होता. माणसांचा विश्वास उगाच उडालेला नाही. सरकारनं नंतर अनुदान दिलं, गावात १०,००० आणि शहरात १५,०००, आणि ते पैसे हातात आल्यावर माणसांनी काय केलं हे मी दुकानातनं बघत होतो. कुणी स्टोव्ह घेतला, कुणी पोराची पुस्तकं, कुणी माझी जुनी उधारी भागवली, म्हणजे गावातलीच दुकानं परत उभी राहिली. फुकटची बिस्किटं मात्र महिनाभर वाटली जात होती आणि बिस्किटाचा छोटा दुकानदार, ज्याचा माल वाहून गेला, तो ती वाटप बघत बसलेला. तरीसुद्धा सरांचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही. हातात पडते हे खरं होतं. केशरी टोपीची सिरिंजसुद्धा मावशींच्या हातातच पडली होती.

मग ती बाद औषधं. ती नाल्यात टाकता येत नाहीत, पाणी आधीच घाण, जनावरं मोकळी फिरतायत, उघड्यावर जाळली तर धूर छावणीत. पोत्यात भरून माझ्या गोडाऊनला ठेवली आणि जैविक कचऱ्याच्या गाडीत घालायला किती दिवस हेलपाटे मारले ते वेगळंच. नंतर वाचलं की बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते ९६ मध्ये अशी निरुपयोगी १७,००० टन औषधं गोळा झाली होती आणि ती नष्ट करायलाच मोठा खर्च. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम १९९६ पासून आहेत, पोचताना निदान एक वर्ष तारीख शिल्लक हवी, पेशंटनं वापरून उरलेलं पाठवू नये, घेणाऱ्यानं मागितलेलंच पाठवावं. म्हणजे जयसिंगपूरच्या त्या वर्गात जे झालं ते जगात सगळीकडं होऊन गेलंय, आणि हे आपल्याकडं डी. फार्मच्या, म्हणजे औषधांचा डिप्लोमा करणाऱ्या पोरांनाही कुणी नीट शिकवत नाही, सोसायटीतल्या माणसांना कुठनं कळणार.

२०२१ च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा आम्ही तालुक्यातल्या काही मेडिकलवाल्यांनी पाणी चढायच्या आतच यादी केली होती, औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, किती हवं, आणि सिरिंजपुढं ‘लाल टोपी’ असं ठळक. ज्यानं पैसे पाठवले त्याला बिलाचा फोटो, बॅच नंबरसकट. सरांना मी स्वतः फोन केला. त्यांनी यादी सोसायटीत फिरवली आणि पैसे पाठवले, आमचं बरंच काम त्यावर निघालं. पण फोनवर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून सुटलेलं नाही. ‘२०१९ ला चाळीस-एक घरांनी वस्तू दिल्या होत्या, यंदा पैसे आठ-नऊ घरांनीच दिले. बाकीचे म्हणाले, नेणार असाल तर कपडे देतो.’

ती तीस घरं वाईट नाहीत. त्यांच्यातल्याच कुणीतरी तो नवा कोरा सिरिंजचा डबा विकत घेतला होता, चौकशी न करता, पण खिशातनं पैसे घालून. त्यांना देण्याची इच्छा होती आणि ती आमच्या यादीत मावली नाही. तेवढे पैसे कमीच आले, हे मी पैसे-पैसे करणाऱ्या माझ्यासारख्यांना सांगतोय.

२०२५ ला मराठवाड्यात, सीना काठाला पाणी शिरलं तेव्हा सरांचा परत फोन आला, वय झालेलं, आवाज थकलेला, पण सोसायटीची मीटिंग लावलेली. मी त्यांना म्हटलं की यादीतली एकेक वस्तू एकेका घराला वाटून द्या, एका घरानं मलमाचे शंभर नग, एका घरानं ओआरएस, पैसे त्या घरानं तिकडच्याच मेडिकलवाल्याला परस्पर पाठवायचे आणि बिल त्या घराच्या नावानं यायचं, आणि तिकडच्यानं वाटतानाचा एक फोटो पाठवायचा, माणसांचा नाही, खोक्याचा. परंड्याकडचा एक मेडिकलवाला तयार होता. सर म्हणाले रविवारी मीटिंगमध्ये मांडतो, बघू किती घरं येतात.