तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॉल्युम असलेला जुना सीडी प्लेअर

महिन्यातून एकदोनदा तरी कुणीतरी विचारतंच, ताई, जुना सीडी प्लेअर घ्यायचाय पण असा की ज्याचा आवाज त्याच्यावरूनच कमीजास्त होईल, मध्ये वेगळा अँप (अँप्लिफायर) नको, सरळ पॉवर्ड स्पीकरला, म्हणजे ज्याच्या आतच अँप असतो त्याला, जोडायचा आणि रिमोट घेऊन बसायचं, तर कुठला घेऊ? विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं. मी आधी विचारते की तुम्ही ऐकता कधी आणि किती आवाजात, कारण जुना प्लेअर बघायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण तो मोठ्याने लावून बघतो, दुकानदारही मोठ्यानेच लावतो, आणि मोठ्या आवाजात सगळेच प्लेअर बरे वाजतात. व्हॉल्युम चांगला की वाईट हे कळतं ते आवाज अगदी बारीक केल्यावर.

आमच्याकडे बाबांच्या अडीचशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक ख्याल, काही पुण्यात अलूरकरांच्या दुकानातून घेतलेल्या, काही मुंबईला गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, जे 2016 साली बंद झालं. मी ऐकते रात्री साडेदहानंतर, शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते. म्हणजे आवाज पंख्याच्या आवाजाच्या जरासा वर, बस. आणि ख्याल म्हटलं की उठून बटण फिरवणं आलंच, आलाप इतका हळू असतो की आवाज वाढवावा लागतो आणि वीस मिनिटांनी तबला द्रुतला लागला की घाईने कमी करावा लागतो, त्यामुळे रिमोटवर व्हॉल्युम हवा ही मागणी मला अगदी पटते, ती चैन नाहीये.

पहिला प्लेअर मी घेतला तेव्हा पुढे गोल नॉब होता, विकणारा म्हणाला व्हॉल्युम आहे की, मीही बघितला, घरी आणून स्पीकरला लावला तर पूर्ण ताकदीने आवाज आला आणि नॉब कितीही फिरवला तरी काही फरक नाही, आई दचकून उठली. तो नॉब फक्त हेडफोनसाठी होता. हे फार म्हणजे फार जणांचं होतं म्हणून सविस्तर सांगते. पुढे हेडफोनची जागा आणि शेजारी नॉब असेल तर तो नव्वद टक्के वेळा फक्त त्या हेडफोनचाच असतो असं समजूनच चालायचं, आणि प्लेअर उलटा करून मागे बघायचं. मागे आरसीए पिनांच्या दोन जोड्या असतील, एकीवर फिक्स्ड (आवाज कायम तेवढाच) आणि दुसरीवर व्हेरिएबल (आवाज कमीजास्त होणारा) लिहिलं असेल, तर तुम्हाला हवं ते आहे. एकच जोडी असेल तर बहुतेक नाही, अपवाद आहेत त्यांचं पुढे बोलू. रिमोटवर व्हॉल्युमची बटणं आहेत यावरही जाऊ नका, त्याच कंपनीच्या अँपसाठीची बटणं त्याच रिमोटवर दिलेली असतात, प्लेअरला त्यांचा पत्ताच नसतो. एकच खात्री, व्हेरिएबलला वायर लावायची, रिमोट दाबायचा आणि आवाज खरंच हलतो का ऐकायचं.

आता हा व्हॉल्युम आत असतो कसा, तर मुख्य जाती दोन. एकीत खराखुरा व्हॉल्युम कंट्रोल असतो आणि त्याला बारकी मोटर जोडलेली असते, रिमोट दाबला की नॉब आपोआप फिरताना दिसतो. सोनीच्या ईएस मालिकेतल्या काही जुन्या प्लेअरमध्ये हे आहे. मला ही जात मनापासून आवडते. पण तीस वर्षांचा व्हॉल्युम कंट्रोल म्हणजे आत धूळ, मुंबई-कोकणातला असेल तर दमटपणाही, त्यामुळे फिरवताना खरखर येते. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बऱ्याचदा जाते, तिला घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. ह्या कंट्रोलमध्ये डाव्याचा एक आणि उजव्याचा एक असे दोन पट्टे एकाच दांडीवर असतात आणि अगदी सुरुवातीच्या भागात ते दोघं बरोबरीने चालत नाहीत, एका बाजूला आवाज आधी येतो. मोठ्या आवाजात हे कधीच कळणार नाही. रात्रीच्या आवाजात तानपुरा लावा, तो दोन स्पीकरच्या मधोमध असायला हवा आणि तो डावीकडे सरकून बसलेला ऐकू येतो, आणि एकदा कानाला कळलं की मग रोज तेच ऐकू येत राहतं.

दुसरी जात डिजिटल. ह्यात नॉब नाही, आत आकड्यांचं गणित होऊन आवाज कमी होतो आणि डिस्प्लेवर नंबर दिसतो. डावंउजवं तंतोतंत सारखं, खरखर नाही, झीज नाही. पण किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे, सीडीवर आवाज 16 बिटमध्ये असतो आणि दर 6 डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्ची पडतो, म्हणजे 30 डेसिबल खाली आलात की पाच बिट गेले. ज्या प्लेअरचा डॅक, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणारी चिप, 20 किंवा 24 बिटचा आहे त्यात खाली जागा शिल्लक असते म्हणून ते इतकं थेट जाणवत नाही, तरी डॅकच्या मागच्या सर्किटचा बारीकसा सळसळाट आहे तेवढाच राहतो आणि गाणं मात्र खाली खाली येत त्याच्या जवळ पोचतं. अमेरिकेच्या वाडिया कंपनीने हे ओळखून प्लेअरच्या आतच छोटे स्विच दिले, त्यांनी प्लेअरचा जास्तीत जास्त आउटपुट तुमच्या अँपप्रमाणे कमी करून ठेवायचा म्हणजे रोजच्या वापरात व्हॉल्युम वरच्या भागात राहतो आणि बिट वाया जात नाहीत. मागे एकच जोडी असूनही व्हॉल्युम असलेले म्हणाले ते अपवाद म्हणजे वाडियासारखे. रिझोल्यूशन ऑडिओचा ओपस 21 आणि ऑडिओ एरोचा कॅपिटोल हेही थेट पॉवर अँपला जोडता यावेत अशाच विचाराने बनवलेले. पण ही महाग मंडळी, आपल्याकडे सेकंडहँडमध्ये क्वचित दिसतात आणि बिघडली तर इथे हात लावणारा मिळणं कठीण, म्हणून मी कुणाला पहिला प्लेअर म्हणून हे घ्या असं म्हणत नाही.

बघायला जाताना दोन सीडी पिशवीत टाका. एक, जिच्या सुरुवातीला नुसता तानपुरा आणि हळू आलाप आहे. दुसरी सत्तर मिनिटांच्या वरची, आणि तिचा शेवटचा ट्रॅक लावा, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते, सुरुवातीला ती मिनिटाला साधारण 500 फेरे घेते आणि कडेला पोचेपर्यंत 200 वर येते, थकलेली लेन्स किंवा सुकलेलं ग्रीस असेल तर कुठल्यातरी एका टोकाला अडखळतं, आणि दुकानात सगळे पहिला ट्रॅक अर्धा मिनिट ऐकून पैसे देतात. ट्रे उघडायला कुरकुरत असेल तर बहुतेक नुसता रबरी बेल्ट सैल झालाय, स्वस्तातलं काम आहे, त्यावरून भाव मात्र जरूर पाडा. लेन्सचं तसं नाही. सोनीची केएसएस-213 जातीची लेन्स अजून मिळते, पण फिलिप्सची ती जुनी झुलत्या दांडीची यंत्रणा बनायची केव्हाच थांबली, ती गेली की दुसऱ्या प्लेअरमधून काढूनच बसवावी लागते. वाजते फार सुंदर, म्हणूनच आधी मेकॅनिक शोधा आणि मग प्लेअर.

रिमोट नसेल तर? मोटरवाल्याला निदान नॉब तरी आहे. डिजिटलवाल्यात काहींना पुढे व्हॉल्युमचं बटणच नसतं, म्हणजे रिमोट हरवलेला असेल तर तुम्ही ज्यासाठी तो घेताय तेच त्यात नाही. रिमोट चालतो का हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं, बटण दाबल्यावर पुढचा दिवा जांभळट चमकताना दिसतो, एका कॅमेऱ्यातून नाही दिसला तर सेल्फीवाल्यातून बघा.

मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही, ही एक गोष्ट मी ओरडून सांगते. जपानमध्ये विकलेला प्लेअर 100 व्होल्टचा असतो, अमेरिकेतला 120 चा, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, असे बाहेरून आलेले बरेच फिरत असतात. आपल्या 230 ला लावला की संपलं. माझ्या ओळखीच्या एका काकांचा असाच पहिल्या मिनिटाला गेला, त्यांनी पेन्शनमधून बाजूला काढून घेतला होता. घ्यायला हरकत नाही, पण ट्रान्सफॉर्मरसकट हिशोब करा, आणि 100 व्होल्टच्या मशीनला 100 चाच ट्रान्सफॉर्मर, 110 चा सहज मिळतो पण ते दहा टक्के जास्तीचं त्या म्हाताऱ्या सर्किटला रोज रोज कशाला.

अजून एक, जोडल्यावर आधी प्लेअर चालू, मग स्पीकर, आणि बंद करताना उलटं. मध्ये अँपचा नॉब नसल्यामुळे तुम्हाला वाचवणारं कुणी नाही, काही डिजिटल प्लेअर चालू होताना पूर्ण व्हॉल्युमवर येतात, फिक्स्ड आउटपुटमधून तर पूर्ण 2 व्होल्ट कायमच येतात, आणि पहिला बळी जातो तो ट्वीटर, स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा. वायरसुद्धा मीटरभरच ठेवा, व्हेरिएबलवरून लांब वायर ओढली की काही प्लेअरमध्ये वरचे सूर बोथट होतात.

आणि मनासारखा मिळालाच नाही तर अडून बसू नका, व्हॉल्युम नसलेला पण ठणठणीत प्लेअर घ्या आणि मध्ये साधा पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणारा, व्हॉल्युमचा डबा लावा, लेन्स गेलेल्या व्हॉल्युमवाल्यापेक्षा तो शंभर पटीने बरा. रिमोट तेवढा जाईल.

माझ्याकडे सध्या मोटरवाला आहे, आणि पहिले पंधरा दिवस त्याचाही तानपुरा डावीकडेच होता. मी व्हॉल्युम कंट्रोल बदलायला निघाले होते, मग लक्षात आलं की माझ्या स्पीकरच्या मागे गेनचं, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं, बटण आहे आणि ते पूर्ण वर ठेवलेलं आहे, त्यामुळे मला रात्री नॉब घड्याळाच्या काट्यासारखा जेमतेम सातवर, म्हणजे नेमका त्या खराब भागात ठेवावा लागतोय. गेन खाली आणला, नॉब अकरापर्यंत आला आणि तानपुरा मधोमध येऊन बसला, एक पैसा खर्च न होता. डिजिटलवाल्यालाही हेच लागू पडतं, बिट वाचतात. म्हणून पुढच्या वेळी विचाराल तेव्हा प्लेअरआधी तुमचे स्पीकर कुठले आणि त्यांच्या मागे गेनचं बटण आहे का ते सांगा.