विडी न ओढणाऱ्याचा ब्रेक : लेहच्या वर्कशॉपमधला माझा अनुभव

मी लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई. कोअरमध्ये व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार झाल्यावर लेहच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये पोस्टिंग आलं आणि ट्रकांचा सेक्शन माझ्याकडे दिला गेला. तिथे गाड्यांपेक्षा जास्त डोकं मला एका साध्या गोष्टीवर चालवावं लागलं : सिगारेट-विडी ओढायला कोण, कधी आणि किती वेळ जाणार. ज्यांच्या हाताखाली दहा-वीस माणसं काम करतात, मग ते फौजेत असोत की कारखान्यात, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो आहे.

लडाखचं वेळापत्रक रस्ते ठरवतात. झोजीला खिंडीतला आणि मनालीकडचा रस्ता बर्फाने बंद होण्याआधी हिवाळ्याचं सगळं सामान वर पोहोचवायचं असतं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्कशॉपच्या दारात स्टॅलियन ट्रकांची रांग लागते. कुणाचा क्लच गेलेला, कुणाचा गिअरबॉक्स, कुणाच्या एअर ब्रेकच्या टाकीत पाणी साचलेलं. ते पाणी वेळेवर काढलं नाही तर थंडीत लाइनमध्ये गोठतं आणि घाटात ब्रेक दगा देतो. म्हणजे काम घाईचं, आणि चुकीला जागा नाही.

अशा कामात विडीची सवय असलेला जवान दर दोन तासांनी येऊन म्हणायचा, "उस्ताद, दो मिनिट." आधीपासूनच तशी पद्धत होती, जो मागेल त्याला सोडायचं. पण ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटं नसायची. पेट्रोल-तेलाचा साठा, रंगाचं स्टोअर आणि बॅटरी चार्जिंगची खोली, या तिन्हींपासून लांब जावं लागे. चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे काडी पेटवणं म्हणजे जीवावरचं काम. त्यामुळे ओढायची जागा पार मागच्या भिंतीपलीकडे होती. लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. तिथे कुणी पळत जाऊन पळत येत नाही. जाणं, ओढणं, चार शब्द बोलणं आणि परत येणं, यात पाव तास सहज जायचा. दिवसातून चार-पाच वेळा.

बाकीचे मात्र गाडीखालीच असायचे. आमच्यात शीख पोरं होती, ती धर्माने तंबाखूला हात लावत नाहीत. सांगोल्याकडचा एक माळकरी पोरगा होता, गळ्यात तुळशीची माळ. दोघे ओढायला गेले की तिसरा गिअरबॉक्स जॅकवर धरून उभा राहायचा. त्याने सुट्टी मागावी तर कशासाठी मागावी? त्याच्याकडे कारणच नव्हतं.

एका संध्याकाळी टूल जमा करताना त्या माळकऱ्याने मला मराठीत विचारलं, "उस्ताद, मी विडी धरली तर मलाबी बाहेर जायला मिळंल का?"

त्याने ते खरंच विचारलं होतं. दिवसभर लोखंड धरून त्याची बोटं सुजली होती. तंबाखू ओढतो म्हणून एकाला विश्रांती मिळते आणि ओढत नाही म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, ही व्यवस्था माझ्या सेक्शनमध्ये चालू होती आणि कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. त्या रात्री मी ठरवलं की हे बदलायचं.

सल्ले पुष्कळ मिळाले. सगळ्यात सोपा सल्ला, पूर्ण बंदी. कायदा बाजूला होताच. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम यांनुसार कामाच्या ठिकाणी आत धूम्रपान चालत नाही. तसा पांढरा बोर्ड आमच्याही दारावर होता. पण उघड्यावरही ओढू द्यायचं नाही असं केलं की काय होतं ते मी आधीच्या एका युनिटमध्ये पाहिलं होतं. माणसं संडासामागे, स्टोअरच्या आडोशाला लपून ओढतात आणि थोटूक घाईने कुठेही फेकतात. तेलात भिजलेलं कॉटन वेस्ट जिथे पडलेलं असतं, तिथे लपून ओढलेली विडी उघड ओढलेल्या विडीपेक्षा कितीतरी धोक्याची. शिवाय निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं. सवय लागलेला माणूस मग चिडचिडा होतो, लक्ष उडतं. ब्रेक ॲडजस्ट करणारा हात मला तसा नको होता.

दुसरा सल्ला, रजिस्टर ठेवा आणि ओढणाऱ्यांकडून तेवढा वेळ संध्याकाळी फटीगमध्ये, म्हणजे जादा अंगमेहनतीच्या कामात, वसूल करा. हेही मला पटलं नाही. त्यातून ओढणारे आणि न ओढणारे असे दोन तट पडले असते आणि त्याच दोघांना दुसऱ्या दिवशी एका जॅकवर काम करायचं होतं.

मग मी ओढणाऱ्यांचं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ते म्हणाले, तंबाखू मळून बार भरणारा जागेवरच आपली तलफ भागवतो, त्याला कुणी मोजत नाही. ऑफिसातला माणूस चहाच्या निमित्ताने बाहेर जातो, त्यालाही कुणी मोजत नाही. आणि सिनियर माणूस तर विचारतच नाही, सरळ उठून जातो. नियम करायचा तर तो खालपासून वरपर्यंत एकच हवा, नाहीतर नको.

या सगळ्याला वळण मिळालं ते एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात. माझा प्रश्न ऐकून डॉक्टर साहेबांनी विडीचा विषय बाजूला ठेवला आणि हातांबद्दल विचारलं. गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेलेल्या थंडीत उघड्या हाताने लोखंड धरणाऱ्या प्रत्येकाने ठराविक वेळाने हात शेकलेच पाहिजेत, नाहीतर हिमदंश ठरलेला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे ब्रेक ही सवयीची सवलत नव्हतीच, ती प्रत्येक हाताची गरज होती. ओढणाऱ्यांबद्दल त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. निकोटिनने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे बाहेर थंडीत सिगारेट ओढून आलेल्याचे हात आधीपेक्षा गार होऊन येतात. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. उंचीवर जिथे ऑक्सिजन आधीच कमी, तिथे हे दुप्पट भारी पडतं. तेव्हा हात शेकायची गरज ओढणाऱ्यालाही होतीच, उलट थोडी जास्तच.

मी सुभेदार साहेबांकडे गेलो तो हे घेऊन. "स्मोक ब्रेकचा वाद" म्हणून गेलो असतो तर त्यांनी मला परत पाठवलं असतं. मी म्हणालो, साहेब, थंडीत हात शेकण्यासाठी सगळ्यांना वेळ बांधून हवा. त्यांनी ते ओ.सी. साहेबांपर्यंत, म्हणजे आमच्या प्रमुख अधिकाऱ्यापर्यंत, नेलं. आगीची खबरदारी पाहणाऱ्या फायर एन.सी.ओ.ला घेऊन आम्ही वर्कशॉपभोवती फिरलो, वाऱ्याची दिशा पाहिली, आणि तेल व बॅटरी दोन्हींपासून सुरक्षित पण पहिल्यापेक्षा बरीच जवळ अशी जागा पूर्वेच्या भिंतीला निघाली. तिथे वाळूच्या बादल्या आणि एक बाक ठेवला. न ओढणाऱ्यांसाठी बुखारीची, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीची, खोली, खिडकी थोडी उघडी ठेवून, कारण बंद खोलीतली बुखारीही तोच विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडते. बुखारीच्या खोलीत धूर काढायचा नाही, मग तो कुणीही असो.

सगळ्यात अवघड भाग होता पाळी लावण्याचा. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, गाडी अर्धी उघडी असते. म्हणून प्रत्येक बेचे, म्हणजे एका दुरुस्तीच्या जागेवरच्या माणसांचे, दोन गट करायचे, एक आधी जाईल, दुसरा नंतर. मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे गट मी पाडले असते तर ओढणाऱ्यांना ते खुपलं असतं. आमच्याकडे भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. तेच केलं. ओढणाऱ्यांपैकी एका नायकाने गट पाडायचे आणि शीख लान्सनायकाने कुठला गट आधी जाईल ते ठरवायचं. आठवड्याने दोघांची कामं उलट. दोन्ही गटांत ओढणारे आणि न ओढणारे मिसळलेले हवेत, एवढीच माझी अट. पहिल्या आठवड्यापासून त्या यादीवर कुणी बोट ठेवलं नाही.

पार्ट वन ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या लेखी हुकमात, मोजकंच आलं. सकाळी दोन आणि दुपारी एक ब्रेक, सगळ्यांना सारखाच. वेळ मोजायची ती पाना खाली ठेवल्यापासून पाना परत उचलेपर्यंत, चालणं धरून. लोड हवेत असताना कुणीही हलायचं नाही. आधी स्टँड लागेल, चाकाला ठोकळे लागतील, मगच सुट्टी. मधल्या वेळात "दो मिनिट" नाही. ज्युनिअरला सिगारेट आणायला पाठवायचं नाही. शिक्षा म्हणून कुणाचा ब्रेक काढायचा नाही, ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली. कारण ब्रेक एकदा बक्षीस झाला की तो पुन्हा मर्जीतल्या माणसाचा होतो.

पुढच्या सैनिक संमेलनात ओ.सी. साहेबांनी नेहमीप्रमाणे "कोई पॉइंट?" विचारलं तेव्हा एका जवानाने उठून विचारलं की हे साहेब लोकांनाही लागू आहे का. साहेब म्हणाले, आहे. सिगारेट ओढणारे सगळे जे.सी.ओ., म्हणजे सुभेदारांसारखे साहेब, त्याच भिंतीशी त्याच वेळेला येऊ लागले. मला वाटतं, ही व्यवस्था टिकली ती त्यामुळे.

ज्यांची तलफ मोठी होती त्यांना सुरुवातीचे दिवस जड गेले. एकाला मी टेस्ट रनऐवजी काही दिवस पार्ट धुण्याच्या कामावर ठेवलं, तिथे लक्ष उडालं तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही. काहींच्या सिगारेटी कमी झाल्या, काहींच्या नाही. त्यात मी पडलो नाही, ते काम डॉक्टरांचं.

तंबाखूचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. मळलेली तंबाखू ब्रेकमध्येच, असा नियम होता, पण गालातला बार कुणाला दिसतो? इन्स्पेक्शन पिटमध्ये, म्हणजे गाडी खालून तपासायच्या खड्ड्यात, थुंकलेलं सापडलं तर सगळ्या बेने पिट धुवायचा, एवढ्यावर आम्ही आलो. त्यात न खाणाराही भरडला जातो, हे मला शेवटपर्यंत टोचत राहिलं. रात्रीच्या पहाऱ्याला वेगळं काही लागलं नाही. संत्रीने पहाऱ्याच्या दोन तासांत ओढायचं नाहीच, अंधारात विडीचं टोक फार लांबून दिसतं.

रिकव्हरीवाल्यांना, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्यांना, मात्र वेगळा नियम करावा लागला. चांग ला खिंड १७,००० फुटांच्या वर आहे, तिथे अडकलेली गाडी ओढताना कुठला ब्रेक आणि कुठली पाळी? ती टीम परत आली की सलग विश्रांती, ओढणाऱ्याला जेवढी तेवढीच न ओढणाऱ्याला. माझी बदली झाली तेव्हा सेक्शन घेणाऱ्या हवालदाराने यादी वाचून नेमकं हेच विचारलं, रिकव्हरीवाल्यांचं काय करता? मी त्याला शेवटचं पान उघडून दिलं आणि वर सांगितलं, ड्रायव्हरलाही त्यात धर, त्याला सगळे विसरतात.