मातीतून मॅटवर: ज्युदोची पहिली स्पर्धा खेळेपर्यंत

गावच्या तालमीत मी लहानपणापासून मातीत खेळलो. त्यामुळे नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर ज्युदोचा वर्ग लावला, तेव्हा आपल्याला अर्धे काम आधीच येते, असे मी धरून चाललो होतो. ही समजूत काही अंशी खरीही होती, कारण कमरेची ताकद आणि अंगाला अंग भिडण्याची सवय हे भांडवल माझ्याकडे होते. मात्र कुस्तीत पाठ लागली की सारे संपते, म्हणून पाठ वाचवण्यासाठी पैलवान वाटेल ते करतो. ज्युदोच्या वर्गात सर्वांत आधी शिकवतात ते नेमके पाठीवर पडायला. पुढच्या सगळ्या काळात मला जो त्रास झाला, तो बहुतांशी या एका विरोधामुळे झाला.

नखे कापणे, अंगठी आणि साखळी काढून ठेवणे या गोष्टी एका दिवसात अंगवळणी पडल्या. उकेमीला, म्हणजे ज्याला वर्गातली मुले ब्रेकफॉल म्हणतात त्याला, मात्र फार वेळ लागला. प्रथम उकिडवे बसून मागे लोळायचे, मग उभ्याने, मग कुशीवर आणि शेवटी चालत येऊन खांद्यावरून कोलांटी घेत पडायचे, असा क्रम असतो. पडताना हनुवटी छातीकडे ओढलेली हवी आणि तळव्यापासून कोपरापुढपर्यंतचा सगळा हात मॅटवर एकदम आपटला गेला पाहिजे, म्हणजे आघात शरीराच्या मोठ्या भागावर वाटला जातो. जमिनीवर हात टेकून स्वतःला सावरू पाहणाऱ्याचे मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड दुखावते. ओसोतो-गारीसारख्या डावात माणूस सरळ मागे जातो. तेथे मान सैल राहिली तर डोक्याचा मागचा भाग आपटतो, म्हणून ब्रेकफॉल पक्का झाल्याशिवाय आमचे सर हा डाव कोणावरही मारू देत नसत.

माझी खरी अडचण होती ती डोके आणि टाचा यांवर भार घेऊन पाठ अधांतरी ठेवण्याची. तालमीत याच कमानीने मला अनेकदा वाचवले होते. ज्युदोत मात्र फेकले गेल्यावर कमान करून उतरलात तरी पंच पूर्ण गुण, म्हणजे इप्पोनच देतात. नियमच असा असल्यावर कमानीतून मिळण्यासारखे काही उरत नाही, आणि मानेचा धोका तेवढा शिल्लक राहतो. हे डोक्याला लगेच पटले. अंगाला पटायला एक पूर्ण पावसाळा गेला.

डावांच्या बाबतीत तालमीची आठवण पावलोपावली येत होती. इप्पोन-सेओइ-नागे पाहताच मला धोबीपछाड आठवली आणि उचि-माता पाहून टांग. पण माझा हुकमी डाव होता पट काढण्याचा, आणि तोच येथे बाद ठरला. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी पाय धरण्यावर मर्यादा आणल्या आणि 2013 पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात लावणेच बंद झाले. त्याऐवजी डाव्या हाताने समोरच्याची बाही आणि उजव्या हाताने कॉलर धरून काम करावे लागते. फेकीचे तीन टप्पे शिकवतात: कुझुशी म्हणजे तोल मोडणे, त्सुकुरी म्हणजे आपले शरीर योग्य जागी नेणे, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेक. ताकदीचा माणूस पहिला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर जातो. उचिकोमीत फेक न करता केवळ आत शिरण्याची पुनरावृत्ती करायची असते; ती कंटाळवाणी असते हे मान्य केले पाहिजे, पण तोल मोडला की ऐंशी किलोचा जोडीदारही हलका लागतो, हे मला कळले ते तेथेच.

आणखी एक गोष्ट मला तालमीत कोणी इतक्या काटेकोरपणे सांगितली नव्हती. फेकल्यानंतर जोडीदाराची बाही वर ओढून धरायची, म्हणजे तो कुशीवर उतरतो आणि त्याचे डोके वाचते. पडणाऱ्याची काळजी हा फेकीचाच भाग मानला जातो, आणि माझ्या मते वर्ग चांगला की वाईट हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. गळा आवळण्याचे डाव फार पुढे शिकवले गेले. त्यांत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, म्हणून दोनदा थाप मारली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचे असते. सांध्यांपैकी केवळ कोपरावर डाव लावायला परवानगी आहे.

जिल्हास्तरीय स्पर्धेत मी 73 किलोच्या गटात नाव दिले. सकाळी वजन झाले, बाही मनगटापर्यंत पोहोचते की नाही हे तपासले गेले आणि मग बराच वेळ नुसते बसून राहावे लागले. लढत चार मिनिटांची असते. पहिल्या लढतीत मी सवयीने खाली वाकून राहिलो, तेव्हा पंचांनी बचावात्मक पवित्र्यासाठी शिदो, म्हणजे ताकीद दिली. असे तीन शिदो झाले की खेळाडू बाद होतो. त्यानंतर सरळ उभा राहिलो. प्रतिस्पर्ध्याचा डाव फसून तो खाली आला, आणि केसा-गातामे या पकडीने मी त्याला पाठीवर वीस सेकंद दाबून धरले आणि लढत जिंकली. पाठ टेकवून भागत नाही, ती टेकलेली ठेवावी लागते, आणि हे काम मात्र मातीतल्या माणसाला आवडणारे आहे.

दुसऱ्या लढतीतला मुलगा माझ्यापेक्षा बारीक होता. त्याने ओढाताण केलीच नाही. मी पुढे पाऊल टाकले आणि त्यावर भार येण्याच्या नेमक्या क्षणी त्याने दे-आशि-हाराइने ते पाऊल झाडून नेले. मी सपशेल पाठीवर गेलो, इप्पोन झाला, आणि दोन्ही पायांवर उठून वाकून नमस्कार करून बाहेर आलो.

सरांनी त्यावर काढलेला निष्कर्ष असा की, मी कुस्तीसारखी लांब आणि जड पावले टाकतो. त्यामुळे सध्या सरावाचा मोठा भाग चालण्यातच जातो: जोडीदाराची बाही धरून, पाय मॅटवरून फारसे न उचलता आणि एकमेकांजवळ न आणता, मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत राहायचे.